आवाज तुझाच व्हता

माझ्या आईनं फोन उचलणं बंद केलं. आणि मी पोटापाण्यासाठी काम काय करते, तर लोकांचं नेटवर्क सुरक्षित ठेवायचं. हसा, हसा. आमच्या कॉलेजातले शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे हसून झालेत, तुम्हीच कशाला मागे राहता?

नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी सर्व्हर, वायफाय, कॅमेरे असलं सगळं सांभाळते. आई जळकोटकडच्या एका खेड्यात राहते. आमचे वडील, आबा, गेल्यापासून एकटीच. शेत बटईनं दिलंय, आणि नांदेडला माझ्याकडे राहायला ये म्हटलं की तिला लगेच गावातली शंभर कामं आठवतात. म्हणजे आम्हा मायलेकींमध्ये जे काही होतं ते रोज संध्याकाळच्या फोनवर होतं. तोच बंद पडला. तो कसा बंद पडला आणि पुढं काय झालं ते मला सांगायचंय. पण मी सरळ रस्त्यानं सांगणाऱ्यातली नाही. मधे मधे मला राग येणार, तेवढं चालवून घ्या.

पहिला राग सिनेमावाल्यांवर. त्यांचा हॅकर म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसलेला, डोक्यावर टोपी ओढलेला कुणीतरी पोरगा. समोरच्या पडद्यावर हिरवी अक्षरं धो धो खाली पडतात, तो कीबोर्डवर तबल्यासारखी बोटं आपटतो आणि ओरडतो, ‘घुसलो!’ अहो, कुठं घुसलास? मी इतकी वर्षं हे काम करते, एकदाही असं हिरवं अक्षर बघितलेलं नाही. मी बघितलेली चोरी फार साधी असते. कुणीतरी फोन करतं, गोड बोलतं, आणि आपण आपल्या हातानं किल्ली काढून देतो. वर विचारतो, अजून काही पाहिजे का?

दुसरा राग आपल्या लोकांवर, म्हणजे स्वतःवरही. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या येतो आणि तांब्यामागून वायफायचा पासवर्ड. न मागता. ‘घ्या लावून, पोरीच्या नावापुढं एक दोन तीन.’ कॉलेजात मी दर सत्राला पासवर्ड बदलते आणि दर सत्राला तो दुपारच्या आत कॅन्टीनच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला असतो. कुणी लिहिला विचारलं तर कॅन्टीनवाला म्हणतो, ‘मॅडम, पोरं सारखं इचारून राहिले, मंग लिहून टाकलं.’ त्याला वाटतं त्यानं माझं काम हलकं केलं. मी पुसते, तो परत लिहितो. आमचं भांडण नाही, चहाही तो मला फुकट पाजतो.

नांदेडच्या आधी मी लातूरला होते, एका शिकवणी वर्गाचे कॅमेरे आणि कॉम्प्युटर बघायला. लातूरच्या कुठल्याही चौकात उभं राहून फक्त वर बघायचं. एका फ्लेक्सवर पहिल्या आलेल्या पोराचा फोटो, त्याचं पूर्ण नाव, गाव, बाप काय करतो, आई काय करते, किती मार्क. शेजारच्या फ्लेक्सवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, खाली शुभेच्छुकांची मुंडकीच मुंडकी आणि प्रत्येक मुंडक्याखाली मोबाईल नंबर. चोराला आणखी काय पाहिजे? त्यानं फक्त चष्मा नीट लावून यावं.

हे मूर्खपणानं होतं असं शहरातले लोक म्हणतात तेव्हा मात्र मी त्यांच्यावर उखडते. मूर्खपणा नाही तो. आमच्याकडे गुपित ठेवणं म्हणजे परकेपणा. गल्लीत कुणी काही झाकून ठेवलं की लोकांना वाटतं आपल्यालाच झाकलं. नव्या सुनेनं फोनला लॉक लावला तर पहिला प्रश्न, ‘काय लपवून राहिलीस?’ ती बिचारी दुसऱ्या दिवशी लॉक काढून टाकते. नवऱ्याच्या फोनला मात्र बोटाचा ठसा लागतो, तेव्हा कुणी विचारत नाही. हा तिसरा राग, तो इथंच सोडते, नाहीतर आई राहील बाजूला.

तर आई. मध्यंतरी फोन लावला की समोरचा उचलायच्या आधी एक सूचना ऐकू यायची. अनोळखी व्यक्तीला आपला कोड सांगू नका, सावध राहा, वगैरे. सगळं गाव त्या सूचनेला शिव्या घालायचं. घाईत असलेला माणूस फोन कानाला लावून पाय आपटत उभा असायचा. माझी आई मात्र ती पूर्ण ऐकून घ्यायची आणि शेवटी मान हलवून म्हणायची, ‘हाव बाई, न्हाई सांगत.’ मी एकदा सांगितलं, अगं ते रेकॉर्ड आहे. तर म्हणाली, ‘आसंना का. बिचारी आपल्या भल्याचं सांगून राहिली.’ मला वाटायचं, कुणी काहीही म्हणो, आपली आई फसणारी नाही.

एका दुपारी तिला फोन आला. नंबर नवा होता, आवाज माझा. ‘आई, मी बोलतेय. माझा फोन बिघडलाय, नवीन नंबर घेतलाय. तुझ्या फोनवर एक कोड येईल तो जरा सांग, म्हणजे माझं चालू होईल.’ आईनं चष्मा शोधला, आकडे एकेक करून वाचून दाखवले, वर विचारलं, ‘जमलं का?’ पलीकडून माझ्या आवाजात उत्तर आलं, ‘हो आई, जमलं.’ आणि फोन बंद.

त्या कोडनं तिचं मेसेजचं खातं दुसऱ्याच कुणाच्या हातात गेलं. तासाभरात आईच्या नावानं, आईच्या फोटोसकट सगळ्या नात्यागोत्यात मेसेज गेले, मी अडचणीत आहे, थोडे पैसे पाठवा, कुणाला बोलू नका. काहींनी पाठवले. ते मी नंतर ज्याचे त्याला दिले, तो विषय तिथं मिटला. आईचा विषय मिटला नाही. जिनं आबांच्या आजारपणातसुद्धा कुणाच्या दारात जाऊन चार भाकरीचं पीठ मागितलं नाही, तिला गावभरातून फोन यायला लागले, ‘वहिनी, काय अडचण हाय?’ पिठाच्या गिरणीत बायका तिच्याकडे बघून आवाज खाली करायच्या. मामानं तर सरळ विचारलं, ‘अक्का, मला सांगायला काय झालं होतं तुला?’ तो प्रेमानंच बोलला, पण तिला ते फार लागलं. तिनं फोन बंद केला, फडक्यात गुंडाळला आणि धान्याच्या कोठीवर ठेवून दिला.

मला हे शेजारच्या काकूंकडून कळलं. या काकू आमच्या घराला भिंत लागून राहतात आणि गावातली खबर माझ्यापर्यंत पोचवण्याचं काम त्याच करतात. मी सुट्टी टाकली, मुखेडच्या वाटेची एसटी पकडली आणि रस्ताभर मनातल्या मनात आईला झापत गेले. कोड कुणाला सांगायचा नाही हे किती वेळा सांगितलंय! बाहेरच्या लोकांना मी हे शिकवते, कॉलेजच्या वेबसाईटवर या विषयावरचं माझं भाषण आहे, चांगलं तासाभराचं, स्वच्छ आवाजात. बस कंधारच्या पुढे गेली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. भाषण. माझा आवाज तासभर तिथं उघड्यावर पडलेला होता. कुणीही उचलावा, मशीनमध्ये घालावा आणि पाहिजे ते वदवून घ्यावं. चोरानं तिथूनच घेतला का हे मला आजही माहीत नाही. पण त्या क्षणापासून आईला झापायचा माझा उत्साह बराच कमी झाला.

पूर्ण गेला नाही पण. खरं सांगायचं तर घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी सुरू झाले. ओरडले नाही. मी आजकाल ओरडत नाही. मी समजावते. कॉलेजात समितीपुढे बोलावं तसं मुद्देसूद. सिम आईकडेच असल्यामुळे खातं परत मिळवायला फार त्रास झाला नाही. ते मिळवलं, सगळ्यांना खरा प्रकार कळवला, जळकोटला जाऊन तक्रार दिली, ती त्यांनी नीट लिहून घेतली. मग आईला समोर बसवून सांगितलं की आवाज खोटा करता येतो, फोटो खोटा करता येतो, आणि फोनवर माझं नाव आणि नंबर दिसला तरी तोसुद्धा खोटा दाखवता येतो. नाव दिसलं म्हणून लगेच विश्वास ठेवायचा नसतो.

आई गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मंग ठिवायचा कशावर?’

मी उलट तिलाच प्रश्न केला. ‘रोज ती सूचना ऐकतेस ना तू? अनोळखी माणसाला सांगू नका म्हणून?’

‘हाव. अनोळखी माणसालाच सांगू नका म्हणती ती. तू कामून अनोळखी?’

‘पण ती मी नव्हते, आई! तुला बोलण्यावरून काहीच कळलं नाही?’

‘आवाज तुझाच व्हता.’

‘आवाज असेल. पण बोलायची पद्धत? ती मशीन आहे, ती काय आपल्यासारखं बोलणार आहे? आई, मी बोलतेय, नवीन नंबर घेतलाय, असं छापील छापील बोलली असेल.’

आता तिनं मान वर केली. रागानं नाही, मी काही वेड्यासारखं विचारते आहे असं तिला वाटलं. ‘मंग? तू तसंच बोलतीस की.’

ती परत गवार मोडायला लागली. तिच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

तसं बोलायला मी पुण्यात शिकले. शिकले म्हणजे कुणी शिकवणी नव्हती लावली. हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात एक मुलगी मला म्हणाली, काय करतेस गं? मी म्हणाले, ‘अभ्यास करून राहिले.’ सगळी खोली हसली. ‘राहिलीस कुठे? भाड्यानं राहिलीस का?’ मग ते वर्षभर चाललं. मी जेवून राहिले म्हटलं की ‘घर मिळालं का?’ मी ‘हाव’ म्हटलं की ‘कसली हाव गं तुला इतकी?’ मुली वाईट नव्हत्या. परीक्षेच्या वेळी त्यांनीच मला त्यांच्या वह्या दिल्या. पण माझी जीभ घाबरली ती घाबरली. टीव्हीवरही तेच. मालिकेत आमच्यासारखं बोलणारं माणूस आलं की समजायचं हा एक तर घरगडी, नाही तर हसवायला आणलेला. बंगल्यातली आई कधी ‘लई’ म्हणणार नाही. बंगल्यातली आई दागिने घालून झोपेल, पण ‘न्हाई’ म्हणणार नाही. मलाही मुलाखती द्यायच्या होत्या, नोकरी पाहिजे होती. हळूहळू ‘हाव’चं ‘हो’ झालं, ‘कामून’चं ‘का’ झालं, आणि ‘माय’ची ‘आई’ झाली. शेवटचा बदल कधी झाला ते मला आठवत नाही. तिला आठवत असेल, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळा अनुभव पणाला लावला आणि उपाय काढला. घरगुती परवलीचा शब्द. आपल्या दोघींचा एकच शब्द ठरवायचा, फोनवर शंका आली की तो विचारायचा, सांगता आला तर मी खरी, नाही आला तर फोन बंद. जगभर लोक हेच करतात. आईला ही युक्ती पटली, इतकंच नाही तर आवडली. शब्द तिनंच काढला, ‘येसर.’ आमच्याकडं लग्नाकार्यात आमटीला जो भाजक्या धान्याचा मसाला लावतात तो. म्हणाली, ‘चोराला कुठून सुचतंय येसर!’ मी तिला तीनतीनदा बजावलं, हा शब्द कुणालाही सांगायचा नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही. ‘हाव गं,’ ती म्हणाली.

पुढच्या सकाळी मी अंगणात दात घासत होते. भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी हाक मारली, ‘उठलीस का? काय गं, येसर का?’ आणि खदाखदा हसल्या.

माझ्या तोंडातला फेस तोंडातच राहिला. आत जाऊन विचारलं, ‘तू काकूंना सांगितलंस?’

‘हाव.’

‘का पण? कुणाला सांगू नको म्हटलं होतं ना?’

‘अगं, तिची लेक लातुरात हाय. तिच्या आवाजात कुणी फोन केला तं? आपल्याला उपाय सापडला आन शेजारणीला सांगू न्हाई, हे बरं दिसतं का?’

‘तिला सांगायचं होतं तर तिला वेगळा शब्द ठरव म्हणायचंस!’

‘वेगळा कशाला? हा चांगला हाय की.’

दुपारपर्यंत कळलं की गल्लीतल्या ज्या ज्या बाईचं पोर बाहेरगावी आहे, त्या प्रत्येकीला शब्द पोचलाय. उदगीरला, लातूरला, नांदेडला, पुण्याला, साऱ्या पोरापोरींचा शब्द येसर. एका आजीबाईंनी विसरू नये म्हणून दाराच्या चौकटीवर खडूनं लिहून घेतला होता. मला कॅन्टीनवाला आठवला. मी कपाळाला हात लावून वसरीवर बसले, आणि आईनं माझ्यापुढं चहा ठेवला. तिच्या मते तिनं पूर्ण गल्ली सुरक्षित केली होती. तिला मी काय सांगणार होते? आणि खरं बोलू का, मला तिचा अभिमानही वाटला. पण त्या अभिमानाचा नेटवर्कला काडीचा उपयोग नसतो.

मी नांदेडला परत आले. येताना फोन चार्ज करून तिच्या उशाशी ठेवून आले होते. संध्याकाळी लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. दुसऱ्या दिवशी तेच. मी काकूंना फोन केला, त्या म्हणाल्या, ‘वाजतोय की, मला हितपस्तोर ऐकू येतंय. तुझी माय त्याच्याकडं बघत बसती आन उचलत न्हाई. म्हणती, नाव दिसलं म्हणून विश्वास ठिवायचा नसतो, लेक सांगून गेलीय.’

घ्या. माझीच शिकवण. आयुष्यात पहिल्यांदा एका माणसानं मी सांगितलेली सुरक्षा शंभर टक्के पाळली, आणि ती माझी आई निघाली.

दिवस असे जायला लागले. मी काकूंना विचारायची, आईनं काय केलं, जेवली का, गुडघा दुखतो का. काकू सांगायच्या. आईलाही त्या माझी खुशाली सांगत असणार. मायलेकींच्या मधे काकू, असा कारभार. कॉलेजात लोक विचारायचे, मॅडम, आई काय म्हणतात? मी म्हणायची, मजेत आहेत. रागही आता कुणावर काढावा कळेना. मला नुसतं वाईट वाटायचं, संध्याकाळी त्या वेळेला जास्त. आणि एक भीती होती. एकटं माणूस, वय झालेलं, उद्या काही झालं तर?

ते झालंच. कॉलेजात बाहेरून तपासणी समिती आली होती. मी त्यांच्यापुढं उभी राहून आमचं नेटवर्क किती भक्कम आहे ते पडद्यावर दाखवत होते. फोन थरथरला. काकू. काकू मला दिवसा कधी फोन करत नाहीत. मी ‘माफ करा’ म्हणाले आणि तिथंच खिडकीपाशी जाऊन उचलला, कारण दार समितीच्या पाठीमागं होतं.

‘अगं, तुझी माय न्हाणीत घसरली,’ काकू म्हणाल्या. ‘पाय टम्म सुजलाय. जळकोटला दवाखान्यात न्यायला जीप बोलवलीय, जीप दारात उभी हाय, आन ही बाई वसरीवर बसून राहिलीय. लेकीला इचारल्याबगर हालत न्हाई म्हणती. मंग लेकीला फोन लावते म्हणलं, तं फोनवर बोलत न्हाई म्हणती! माझं डोकं फुटून राहिलं. घे, तूच बोल, मी मोठ्यानं ऐकू येईल असं केलंय.’

‘आई? मी बोलतेय. तू लगेच दवाखान्यात जा. मी संध्याकाळपर्यंत पोहोचते.’

मग लांबून आईचा आवाज, माझ्याशी नाही, काकूंशी, ‘बंद कर ते. तीच बाई हाय.’

‘आई, अगं मी आहे. काकूंनी माझाच नंबर लावलाय.’

‘नंबर खोटा दावता येतो,’ आई म्हणाली. ‘माझ्या लेकीनं सांगितलंय.’

माझ्या पाठीमागं समितीतलं कुणीतरी खोकललं. मी आवाज खाली केला. ‘बरं. शब्द सांगते. येसर.’

‘ते तं समद्या गल्लीला म्हाईत हाय.’

बरोबर होतं तिचं. शेवटी मी तोंडावर हात धरून, समितीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, ‘माय, म्या बोलून राहिले. जीपमंदी बस.’ बोलता बोलताच मला कळलं की हे कानाला किती विचित्र लागतंय. मालिकेतली मोलकरीण बोलते तसं. प्रत्येक शब्द खरा, आणि सगळं मिळून नकली.

‘बग,’ आई काकूंना म्हणाली. ‘बग, आता आपल्यावाणी बोलाया बी शिकली ती.’

आणि तिथं माझं डोकं फिरलं. काय झालं ते मला सांगता येणार नाही. समिती दिसेना, प्राचार्य दिसेनात. ‘आगं ए माय!’ मी ओरडले. ‘कामून जीव खाऊन राहिलीस माझा? पाय सुजून भोपळा झाला आन वर तोरा बघा हिचा! कवा कुणाचं ऐकलंस गं तू? आबा व्हते तवा त्यांचं न्हाई ऐकलं, आता माझं न्हाई! दवाखाना म्हणलं की तुझं नाटक सुरू! गपगुमान ऊठ! न्हाई उठलीस ना, तं मी हितून येऊन तुला पोत्यावाणी उचलून टाकीन त्या जीपमंदी, मंग बस बोंबलत! बस म्हणते ना मुकाट्यानं!’

समितीतले सगळे वळून माझ्याकडं बघत होते. पडद्यावर आमच्या नेटवर्कची आकृती तशीच होती, मधोमध कुलपाचं चित्र. फोनमधून जीपचं इंजिन चालू असल्याचं तेवढं ऐकू येत होतं.

मग आई फोनच्या जवळ आली असावी, कारण आवाज मोठा झाला.

‘हाव हाव, उठते. वरडू नको एवढी, लोक असतील तिथं.’ तिला उठताना कळ आली, ती थांबली, काकूंचा हात धरला असावा. मी ‘माय’ म्हणाले.

‘लई वर्सांनी भांडलीस गं माझ्यासंगं,’ ती म्हणाली. ‘रोज ती शाणी बाईच फोन करायची. मी उचलायची, तुझा हाय म्हणून.’